पी-मूल्य ०.००१ आलं, पण ती फवारणी परवडते का?

वर्तमानपत्रात 'पावसात लक्षणीय वाढ' असं छापून आलं की आपण समजतो, भरपूर वाढ झाली. प्रबंधात किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात 'उत्पादनात लक्षणीय फरक आढळला' असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की दिसलेला फरक निव्वळ योगायोगानं पडला असेल हे पटण्यासारखं नाही. फरक किती मोठा आहे, याबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नसतो. शब्द एकच असल्यामुळे वाचणारा पहिला अर्थ घेतो आणि खिशात हात घालतो. म्हणून या लेखात दोन वेगळे शब्द वापरले आहेत. योगायोगाच्या पलीकडचा फरक तो 'सार्थक', आणि ज्याच्यासाठी पैसा, वेळ किंवा धोका पत्करावा असा फरक तो 'मोलाचा'.

पी-मूल्य नेमकं काय सांगतं तेही आधी पाहू. दोन गटांत खरा फरक शून्य आहे असं धरून चालायचं. मग आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ नमुन्याच्या चढउतारामुळे दिसण्याची शक्यता किती, तो आकडा म्हणजे पी. हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो : फरकाचा आकार, मोजमापातला विखुरलेपणा आणि नमुन्याची संख्या. यातली तिसरी गोष्ट वाढवत नेली की कितीही किरकोळ फरक सार्थक करून दाखवता येतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हे स्पष्ट नोंदवलं आहे : पी-मूल्य परिणामाचा आकार मोजत नाही आणि निष्कर्षाचं महत्त्वही मोजत नाही.

पायरी १ : मोलाचा फरक किती, हे पेरणीआधी कागदावर लिहा

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेकदा हीच गाळली जाते. यासाठी संख्याशास्त्र लागतच नाही, हिशेब लागतो.

सोयाबीनवरच्या एका नव्या फवारणीचं उदाहरण घेऊ. (सोयाबीनचे सगळे आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.) औषध, मजुरी आणि पंपाचं भाडं धरून एकरी खर्च १,८०० रुपये. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये. खर्च निघायला एकरी १,८०० ÷ ४,५०० = ०.४ क्विंटल, म्हणजे ४० किलो जास्त माल यायला हवा. ही झाली खर्चवसुलीची रेषा. पण भाव ३,६०० वर आला तर तीच रेषा ०.५ वर जाते, शिवाय ऐन घाईत मजूर मिळवण्याची यातायात आहेच. हे सगळं धरून शेतकरी म्हणतो, 'एकरी ६० किलो तरी वाढले पाहिजेत, तर करू.' मोलाचा फरक झाला ०.६ क्विंटल.

तीन पथ्यं पाळा. आकडा क्विंटल, रुपये, दिवस, रुग्णांची संख्या अशा रोजच्या एककात असू द्या. तो ठरवताना ज्याला निर्णय घ्यायचा आहे तो माणूस समोर बसलेला असू द्या, कारण मोलाचा फरक संशोधकाचा नसतो, खर्च सोसणाऱ्याचा असतो. आणि त्यावर तारीख टाका. निकाल पाहून मग रेषा आखली तर ती नेहमीच निकालाच्या थोडी अलीकडे पडते. यात लबाडी असतेच असं नाही. आकडा डोळ्यांसमोर आला की मन आपोआप त्याच्याशी जुळवून घेतं.

पायरी २ : तो फरक दिसायला किती प्लॉट लागतील ते काढा

एकाच प्रक्रियेच्या निरनिराळ्या प्लॉटमधलं उत्पादन सारखं येत नाही. हा विखुरलेपणा म्हणजे प्रमाण विचलन. मागच्या हंगामाच्या नोंदींवरून ते एकरी १.५ क्विंटल आहे असं धरू. दोन गटांच्या तुलनेसाठी हाताशी ठेवण्याजोगं सूत्र असं :

प्रत्येक गटातले प्लॉट = १६ × (प्रमाण विचलन)² ÷ (मोलाचा फरक)²

इथे १६ × २.२५ ÷ ०.३६ = १००. प्रत्येक गटात १०० प्लॉट. या सूत्रातले १६ हवेतून आलेले नाहीत. ५ टक्के पातळीसाठी (म्हणजे पी ०.०५ हून लहान असला तरच फरक सार्थक धरायचा, या रूढ नियमासाठी) १.९६ आणि खरा फरक हातून निसटू नये याची ८० टक्के हमी हवी म्हणून ०.८४, यांची बेरीज २.८. तिचा वर्ग करून दुप्पट केली की १५.७ येतात. हमी ९० टक्के हवी असेल तर १६ च्या जागी २१ घ्या.

शंभर हा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. एकाच शेताचे शेजारशेजारचे दोन तुकडे घेऊन एकावर फवारणी केली आणि दुसरा तसाच ठेवला, तर जमिनीचा पोत, पाणी, पेरणीची तारीख हे दोन्हीकडे सारखं राहतं. मग विखुरलेपणा मोजायचा तो जोडीतल्या फरकाचा. तो १.० क्विंटलवर आला तर (जोड्यांसाठी १६ च्या जागी ८ घेऊन) ८ × १ ÷ ०.३६, म्हणजे सुमारे २३ जोड्यांत भागतं. कोणत्या तुकड्यावर फवारणी करायची हे मात्र नाणं उडवून ठरवा. रस्त्याकडेचा बरा तुकडा फवारणीला दिला की सगळी मेहनत वाया.

पायरी ३ : फरक काढा, विश्वासांतर काढा, मग पी

क्रम हाच ठेवा. दोन गटांत प्लॉटची संख्या आणि विखुरलेपणा सारखा असेल तर फरकाची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे फरकाच्या अंदाजात येणारी अनिश्चितता) = प्रमाण विचलन × √(२ ÷ प्लॉटची संख्या). मिळालेल्या फरकातून तिची सुमारे दुप्पट वजा करा आणि तेवढीच मिळवा, की ९५ टक्के विश्वासांतर मिळतं, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांशी सुसंगत अशा खऱ्या फरकांचा पट्टा. प्लॉट थोडे असले तर दोनच्या जागी टी-तक्त्यातला आकडा घ्या. दहा-दहा प्लॉटना तो २.१० असतो.

एक्सेलचं टी.टेस्ट हे सूत्र फक्त पी देतं, विश्वासांतर देत नाही. त्यामुळे पुष्कळ अहवालांत नुसता पी छापला जातो. वरचं गणित दोन ओळींचं आहे, ते शेजारच्या रकान्यात करून ठेवा. 'आर' ही संगणकप्रणाली वापरत असाल तर टी.टेस्ट ही आज्ञा विश्वासांतरही छापते. ते वाचायचं तेवढं राहतं.

आता तीन चाचण्या शेजारी ठेवून पाहा. विखुरलेपणा तिन्हीत १.५ क्विंटल.

पहिलीत मोबाइल ॲपवरून गोळा केलेल्या नोंदी आहेत, प्रत्येक गटात २,००० शेतं. फरक ०.१५ क्विंटल, विश्वासांतर ०.०६ ते ०.२४, पी ०.००२ च्या आत.

दुसरीत प्रत्येक गटात १०० प्लॉट. फरक ०.७, विश्वासांतर ०.२८ ते १.१२, पी सुमारे ०.००१.

तिसरीत प्रत्येक गटात १० प्लॉट. फरक ०.९, विश्वासांतर –०.५ ते २.३, पी सुमारे ०.२.

नुसते पी पाहिले तर पहिली आणि दुसरी चाचणी जुळ्या बहिणी वाटतात आणि तिसरी 'फेल'. क्विंटलात पाहिलं की चित्र साफ बदलतं.

पायरी ४ : विश्वासांतर रेषेशेजारी ठेवून वाचा

वहीत आडवी पट्टी काढा. शून्य, ०.४ आणि ०.६ वर खुणा करा आणि तिन्ही विश्वासांतरं त्याखाली आखा.

पहिलं विश्वासांतर संपूर्णपणे ०.४ च्या अलीकडे आहे. सर्वांत चांगली बाजू धरली तरी २४ किलो जास्त, म्हणजे १,०८० रुपये, आणि खर्च १,८०० चा. फरक खरा आहे आणि तोटाही खरा आहे. इथे शंकेला जागा नाही : फवारणी नको. पी कितीही लहान असला तरी निर्णय बदलत नाही. उलट नमुना एवढा मोठा असल्यामुळेच 'नको' हे ठामपणे म्हणता येतं.

दुसऱ्याचं खालचं टोक ०.४ च्या अलीकडे आणि वरचं ०.६ च्या बरंच पलीकडे. रुपयांत मांडलं तर एकरी ५४० रुपये तोट्यापासून ३,२४० रुपये फायद्यापर्यंत, आणि मधला अंदाज १,३५० रुपये फायद्याचा. निव्वळ योगायोगाची शक्यता मागे पडली आहे, पण 'परवडतंच' असं म्हणायला पुरावा अजून पुरत नाही. ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्यानं दोन एकरांवर करून पाहावं, असा हा निकाल आहे.

तिसऱ्यातून काहीच ठरत नाही. ५० किलो घट आणि २३० किलो वाढ या दोन्ही गोष्टी या आकड्यांशी सुसंगत आहेत. 'फवारणीचा परिणाम नाही' असं इथे लिहिणं ही संशोधन-अहवालांतली सर्वांत घातक चूक आहे, कारण चांगली गोष्ट अशीच कपाटात जाते. 'ही चाचणी ठरवायला अपुरी होती' हे त्याचं बरोबर वाचन.

चौथीही शक्यता असते. ४००-४०० प्लॉट घेऊन फरक ०.९ आला तर विश्वासांतर ०.६९ ते १.११, सगळंच्या सगळं मोलाच्या रेषेपलीकडे. निश्चिंतपणे 'करा' म्हणावं ते अशा वेळी.

जुन्या प्रबंधांतल्या सी.डी.चा उपयोग

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत तक्त्याच्या तळाशी 'एस.ई.(एम) ±' (एका सरासरीची प्रमाण त्रुटी) आणि '५ टक्क्याला सी.डी.' (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे सार्थक ठरायला लागणारा किमान फरक) अशा दोन ओळी असतात. दोन प्रक्रियांतला फरक सी.डी.हून मोठा असेल तर सार्थक, नाहीतर 'एन.एस.' (नॉट सिग्निफिकंट, असार्थक), एवढ्यासाठीच बहुतेक जण त्या पाहतात. पण त्या ओळीत विश्वासांतर लपलेलं आहे. दोन प्रक्रियांच्या सरासरीतला फरक घ्या, त्यातून सी.डी. वजा करा आणि तेवढीच मिळवा. तेच ९५ टक्के विश्वासांतर. आपल्या तिसऱ्या चाचणीत एस.ई.(एम) = १.५ ÷ √१० = ०.४७. तिला १.४१ नं गुणलं की फरकाची प्रमाण त्रुटी ०.६७, आणि तिला २.१० नं गुणलं की सी.डी. १.४१. फरक ०.९ होता, म्हणून ०.९ वजा १.४१ ते ०.९ अधिक १.४१. तक्त्यात नुसतं 'एन.एस.' लिहून सी.डी. गाळलेली असेल तर एस.ई.(एम) वरून ती अशीच काढता येते. वीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगाचाही नव्यानं अर्थ लावता येतो, तो या दोन ओळींमुळे.

लहान परिणाम मोलाचा कधी ठरतो

आतापर्यंतच्या चर्चेवरून 'लहान फरक म्हणजे बिनकामाचा' असं वाटू नये, म्हणून एक खरी चाचणी पाहू. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली, तिचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये आला. ११,०३७ जणांना एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, ११,०३४ जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, सरासरी पाच वर्षं. हृदयविकाराचे झटके ॲस्पिरिन गटात १३९ जणांना आणि दुसऱ्या गटात २३९ जणांना आले. पी ०.००००१ हून कमी.

हाच निकाल चार तऱ्हांनी सांगता येतो आणि चारही खऱ्या आहेत. 'झटक्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटला.' 'धोका २.१७ टक्क्यांवरून १.२६ टक्क्यांवर, म्हणजे ०.९१ टक्के-अंकांनी उतरला.' 'हजार जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर नऊ जणांचा झटका टळतो.' 'सुमारे ११० जणांनी पाच वर्षं घ्यावी तेव्हा एकाचा टळतो', म्हणजे एका झटक्यामागे साधारण एक लाख गोळ्या. या शेवटच्या आकड्याचं विश्वासांतर ८० ते १७७ जण असं येतं. गोळी आणि झटका यांचं नातं ० ते १ मध्ये मोजणारा सहसंबंध गुणांक काढला तर तो जेमतेम ०.०३५. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या, परिणामांना लहान-मध्यम-मोठा ठरवणाऱ्या सुप्रसिद्ध मोजपट्टीवर हा 'लहान' या पहिल्या खुणेपर्यंतही पोचत नाही. तरीही गोळी स्वस्त आणि टळणारी गोष्ट हृदयविकाराचा झटका, म्हणून फरक मोलाचा वाटू शकतो. कोहेन यांनीही या खुणा दुसरा काही आधार नसेल तेव्हा वापरायच्या म्हणून दिल्या होत्या. लोक त्या कायद्यासारख्या वापरतात.

आता त्याच अहवालातली दुसरी ओळ. मेंदूत रक्तस्राव होऊन आलेला पक्षाघात ॲस्पिरिन गटात २३ जणांना आणि दुसऱ्या गटात १२ जणांना. पी ०.०६, म्हणून 'असार्थक'. पण सापेक्ष धोका (ॲस्पिरिन गटातला धोका दुसऱ्या गटाच्या किती पट) २.१४ आणि त्याचं विश्वासांतर ०.९६ ते ४.७७. याचा अर्थ 'धोका नाही' असा मुळीच नाही. धोका चौपट असण्याचीही शक्यता या आकड्यांत बसते. फायद्याच्या बाजूला हजारी नऊ लिहिले तर तोट्याच्या बाजूला हजारी एक लिहायलाच हवा, सार्थक असो वा नसो. मोल असं दोन्ही बाजू मांडून ठरतं, आणि माणूस बदलला की तेही बदलतं. ६० आणि त्याहून अधिक वयाच्या लोकांनी पहिला झटका टाळण्यासाठी ॲस्पिरिन नव्यानं सुरू करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०२२ मध्ये केली. त्या वयात रक्तस्रावाचं पारडं जड होतं.

कुठे चुकतं आणि का

टक्केवारी देताना मूळ पातळी गाळली जाते. 'धोका निम्मा झाला' यात दहा हजारांत दोनाचा एक झाला की शंभरात चाळिसाचे वीस झाले, हे कळत नाही. दोन्ही गटांचे मूळ आकडे नेहमी शेजारी द्या.

लहान चाचणीतला सार्थक निकाल फुगलेला असतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आपल्या दहा-दहा प्लॉटच्या चाचणीत सार्थक ठरायला फरक किमान १.४१ क्विंटल यावा लागतो. खरा फरक ०.६ असेल आणि नशिबानं निकाल सार्थक आला, तर छापला जाणारा आकडा खऱ्याच्या दुपटीहून अधिक असणारच. पुढच्या वर्षी तोच प्रयोग केला की 'वाण बिघडला', 'औषध बनावट निघालं' अशी कारणं शोधली जातात. बिघडलेलं काही नसतं, पहिला आकडाच वाढीव होता.

एका प्लॉटमधली दहा झाडं म्हणजे दहा नमुने नव्हेत. फवारणी प्लॉटवर झाली, तर नमुना एक प्लॉट. झाडं मोजून संख्या फुगवली की प्रमाण त्रुटी खोटी लहान होते आणि पी सुद्धा.

वीस गुणधर्म मोजले (उंची, फांद्या, शेंगा, दाण्याचं वजन, तेलाचं प्रमाण...), तर कशावरच परिणाम नसताना आणि गुणधर्म परस्परांपासून स्वतंत्र असताना निदान एक तरी सार्थक निघण्याची शक्यता ६४ टक्के. मुख्य गुणधर्म कोणता, हे मोलाच्या फरकाच्याच कागदावर आधी लिहा.

आणि मोजमापच एका बाजूला झुकलेलं असेल तर नमुना वाढवून काही साधत नाही, उलट चुकीबद्दलचा विश्वास वाढतो. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांत हे दाखवून दिलं : लहान प्लॉट उत्पादन वाढवून दाखवतात, कारण सीमेवरची झाडं कापणाऱ्याकडून आत धरली जातात. स्वतः करून पाहा. दोरी चारी बाजूंनी फक्त पाच सेंटिमीटर बाहेर सरकली तर १ बाय १ मीटरचा प्लॉट १.१ बाय १.१ होतो, म्हणजे क्षेत्र २१ टक्क्यांनी वाढतं. १० बाय ५ मीटरच्या प्लॉटमध्ये तीच चूक ३ टक्क्यांची. ॲपवरच्या २,००० नोंदींत फवारणी केलेल्यांनी आपला माल थोडा उत्साहानं नोंदवला असेल, तर ०.१५ चा तो सार्थक फरक सगळाच्या सगळा त्यातून आलेला असू शकतो. किरकोळ फरक अतिशय लहान पी घेऊन आला की पहिला प्रश्न मोजमापाबद्दल विचारावा.

दोन गोष्टी 'सारख्याच' आहेत हे दाखवायचं असेल, उदाहरणार्थ स्वस्त खत महागाइतकंच चालतं, तर पी ०.०५ हून मोठा आला यावर समाधान मानू नका. दोन्हीकडून मोलाची सीमा आखा, समजा –०.४ ते +०.४, आणि ९० टक्के विश्वासांतर संपूर्णपणे त्यात बसतं का पाहा. बसलं तरच 'सारखं' लिहा.

अहवालात काय लिहायचं

दुसऱ्या चाचणीसाठी असं : 'फवारणीच्या प्लॉटमध्ये एकरी सरासरी ०.७ क्विंटल जास्त उत्पादन मिळाले (९५ टक्के विश्वासांतर ०.२८ ते १.१२; प्रत्येकी १०० प्लॉट; पी = ०.००१). खर्च निघण्यासाठी ०.४ क्विंटल वाढ लागते. सध्याच्या भावाने एकरी अंदाजे १,३५० रुपये फायदा संभवतो; मात्र ५४० रुपयांपर्यंत तोट्याची शक्यता वगळता येत नाही.'

तिसरीसाठी : 'फरक ०.९ क्विंटल (–०.५ ते २.३, प्रत्येकी १० प्लॉट). ठरवलेला ०.६ क्विंटलचा फरक आहे किंवा नाही, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.' यात 'असार्थक' हा शब्द घालायची गरज नाही.

दोन्हींच्या खाली प्रमाण विचलन, भावाची तारीख आणि मोलाचा फरक ठरवल्याची तारीख लिहा. भाव बदलला की वाचणारा खर्चवसुलीची रेषा स्वतः सरकवून घेईल. आणि पुढच्या हंगामाचे प्लॉट मोजताना अंदाजाच्या १.५ ऐवजी त्याच रानाचा मोजलेला विखुरलेपणा सूत्रात घालता येईल.